पोर्तुगीज चर्चमध्ये पोर्तुगीज काय उरलं?

आमच्या भडगावकडून मुंबईला जाणारा माणूस बहुतेक वेळा दादरला उतरतो. तिथून सिद्धिविनायकाकडे निघालं की वाटेत 'पोर्तुगीज चर्च' नावाचा नाका लागतो. नाव ऐकून डोळ्यांपुढे येतं ते गोव्यात दिसतं तसं पांढरंशुभ्र, जुनं चर्च. प्रत्यक्षात दिसतात काँक्रीटच्या मोठमोठ्या वाकड्या टोप्या! एकदा आमचे नाना बरोबर होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "हाई चर्च शे?"

प्रश्न अगदी वाजवी आहे. तर मंडळी, या शनिवारी त्याच्याच मागे लागू.

या जागी फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ मध्ये चर्च उभं केलं. पोर्तुगीज गेले, इंग्रज आले, तेही गेले. नाव मात्र टिकलं. १९७० च्या दशकात चर्च नव्याने बांधायचं ठरलं आणि काम आलं चार्ल्स कोरिया यांच्याकडे. साबरमतीचं गांधी संग्रहालय (१९६३) बांधणारे आणि नवी मुंबईच्या आखणीत पुढे असणारे तेच कोरिया. १९७४ ते ७७ या काळात आजची इमारत झाली. जुन्याची नक्कल मात्र त्यांनी केली नाही.

जुनं देऊळ पडलं की तसंच बांधायचं की नवं? जगात हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाने फार क्रूरपणे विचारला. टोकियोचं लाकडी, गॉथिक धाटणीचं सेंट मेरी कॅथेड्रल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालं. त्याजागी केन्झो टांगे यांनी १९६४ मध्ये आठ वक्र भिंतींचं कॅथेड्रल उभारलं. बाहेरून स्टेनलेस स्टील, आतून उघडं काँक्रीट, आणि वरून पाहिलं तर क्रूस. इंजिनीअरिंगच्या गणितात हायपरबोलिक पॅराबोलॉइड शिकलेल्यांना आठवेल, हा वाकडा पृष्ठभाग सरळ रेषांनीच बनतो. म्हणजे सेंटरिंगला सरळ फळ्या चालतात!

नागासाकीचं उराकामी कॅथेड्रल अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालं. तिथे १९५९ मध्ये काँक्रीटची नवी इमारत झाली आणि १९८० मध्ये तिला पुन्हा जुन्या कॅथेड्रलसारखं रूप देण्यात आलं. ज्यांचं सगळंच गेलं, त्यांना निदान ओळखीचा चेहरा परत हवासा वाटला तर त्यांना नावं कोण ठेवणार?

दादरवर बॉम्ब पडले नव्हते, आणि हे कॅथेड्रलही नाही, साधं पॅरिश चर्च आहे. पण मधल्या काळात उपासनाच बदलली होती. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा करायची वाट मोकळी केली. लोकांनी नुसतं बघत न बसता भाग घ्यावा, असंही सांगितलं. मग लांबलचक दालनाच्या टोकाला वेदी आणि पाठमोरा पाद्री, ही जुनी मांडणी कशाला धरून ठेवायची?

कोरियांनी काही बंद, काही अर्धबंद जागा आणि आकाशाला उघडे चौक एकमेकांत गुंफले. मुख्य जागांवर त्या काँक्रीटच्या टोप्या. त्या शोभेच्या नाहीत बरं का. मुंबईच्या दमट उकाड्यात गरम हवा वर चढते आणि टोपीतून बाहेर पडते. तिच्या जागी चौकातली वारा खाल्लेली हवा आत येते. धुराड्याचंच तत्त्व. छताजवळचं चित्रकाम एम. एफ. हुसेन यांचं. पोर्तुगीजांनी पाया घातलेलं चर्च, गोव्याच्या घराण्यातला आर्किटेक्ट आणि पंढरपूरला जन्मलेला चित्रकार... यापेक्षा आपलं आणखी काय असतं?

आम्हा खान्देशी लोकांना ही युक्ती परकी वाटू नये. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती, मधला चौक आणि वर धूर जायला ठेवलेलं भोक, हे सगळं मे महिन्याच्या उन्हाने शिकवलेलंच होतं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कोरियांनी इंटरफेस तोच ठेवला आणि आतला कोड नव्याने लिहिला. लोकांनी जमणं, सावलीत थांबणं, प्रार्थना करणं हे तेच. बांधकाम नवं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे सध्या गावोगावी चाललेले जीर्णोद्धार. मारुतीचं जुनं देऊळ पाडतात, कंत्राटदार मोबाईलवर चार फोटो दाखवतो, त्यातला एक पसंत होतो. नवं देऊळ चकचकीत होतं. पण ज्या ओट्यावर म्हातारी माणसं दुपार काढायची तो जातो, लिंब जातो, आणि फरशी इतकी तापते की अनवाणी उभं राहवत नाही. शिखर जुन्या पद्धतीचं असतं, पण बसायला कुणी येत नाही. म्हणजे कोरियांनी केलं त्याच्या नेमकं उलट.

नवं बांधू नका असं मी म्हणत नाही. पण फोटो निवडण्याआधी एकदा दुपारी दोन वाजता त्या ओट्यावर जाऊन पाहावं, तिथे कोण बसलंय आणि का बसलंय. खरा प्लॅन तिथेच असतो.

नानांना मी तेव्हा आत नेलं. बाकावर टेकून ते एवढंच म्हणाले, "गार वाटतं रे." मला वाटतं, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच देऊन टाकलं.