तुटण्याआधी लांबणारा दोर

होडीवरचं सामान बांधायला आज रबरी दोरांची जाळी वापरतात. बादल्या, क्रेट, डिझेलचे कॅन, जादा दोरखंड यांवरून ती ताणून घ्यायची, कडेचे आकडे होडीच्या काठाला अडकवायचे, की लाटेनं होडी कितीही उसळली तरी जाळी थोडी ताणते आणि पुन्हा आवळते. ही सोय रबरामुळेच आली असं सहज वाटतं. चार्ल्स गुडइयर यांना रबर पक्कं करण्याच्या कृतीचं अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये मिळालं, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्टीफन पेरी यांनी रबरबँडचं पेटंट घेतलं आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चाकांना धक्का सोसण्यासाठी रबरी दोर गुंडाळले जाऊ लागले. हे सगळं खरं आहे. मात्र बांधणीला ताण हवा, ही जाण त्याहून फार जुनी आहे. अरबी समुद्रातल्या खलाशांकडे ती निदान हजार वर्षं होती, आणि नारळाच्या काथ्यात ती त्यांनी वापरून दाखवली. काथ्याला आपण गरिबाचा दोर समजतो. माझ्या मते तो इतका काळ टिकला तो त्याच्या लांबण्याच्या गुणामुळे, स्वस्ताई ही त्यातली दुय्यम गोष्ट.

समुद्रावरच्या दोराला वजनाइतकाच हिसका सोसावा लागतो. लाटेवर नाव चढते, दोर सैल पडतो. नाव खाली येते आणि दोर एका क्षणात ताठ होतो. न लांबणाऱ्या दोरावर तो सगळा हिसका एकदम येतो. दोर हातभर लांबला, तर तोच जोर त्या हातभर अंतरात विभागला जातो आणि कोणत्याही एका क्षणी दोरावर पडणारा भार कितीतरी कमी होतो. युरोपातल्या जहाजांवर भांगेच्या कुळातला वाख, म्हणजे हेंप, वापरला जाई. सरळ ताकद मोजली तर काथ्याचा तंतू त्याच्यापुढे अगदी लेचापेचा, जेमतेम चौथ्या हिश्शाचा. पण हेंपचा तंतू दोन ते चार टक्के लांबला की तुटतो, आणि काथ्याचा पंधरा-वीस टक्के, कधी त्याहून पुष्कळ जास्त लांबतो. कारण तंतूच्या आतल्या रचनेत आहे. सेल्युलोजचे सूक्ष्म धागे हेंपमध्ये जवळजवळ सरळ उभे असतात, काथ्यात ते तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरपे गुंडाळलेले असतात. ताण आला की आधी हा वेढा उलगडतो. शिवाय काथ्यात लिग्निन भरपूर, म्हणून तो खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने बुडवून ठेवायची, मग बाहेर काढून बडवायची आणि मोकळा झालेला काथ्या वळायचा, ही पश्चिम किनाऱ्यावरची रीत या लिग्निनच्या जोरावरच चालते: भोवतालचा मऊ गर कुजून जातो, तंतू मात्र उरतो.

खलाशांना तंतूची रचना ठाऊक नव्हती, तिचा परिणाम चांगला ठाऊक होता. अकराव्या शतकात अल्-बिरूनीनं मालदीव-लक्षद्वीपकडच्या बेटांचे दोन गट सांगितले आहेत, एक कवड्यांच्या बेटांचा आणि दुसरा काथ्याच्या दोरांच्या बेटांचा. म्हणजे दोर हीच त्या बेटांची ओळख होती. त्यानंतर तीनशे वर्षांनी मालदीवमध्ये काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानं तर कारणच लिहून ठेवलं: हिंदी महासागरात खडक फार, लोखंडी खिळ्यांनी जोडलेलं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, पण काथ्यानं शिवलेल्या जहाजाला लवचीकपणा असतो, म्हणून ते टिकतं. या साक्षीला मी मोठं वजन देतो, कारण इथे गुण पाहून केलेली निवड सरळ शब्दांत नोंदली गेली आहे. यावर असं म्हणता येईल की अरबस्तानात लोखंड आणि लाकूड दोन्ही कमी, तेव्हा गरजेलाच पुढे गुणाचं नाव मिळालं. अरबस्तानापुरतं त्यात तथ्य असेल. पण शिवलेली जहाजं भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही बांधली जात होती, आणि याच भारताचं पोलाद पश्चिम आशियात नावाजलेलं होतं. खिळे महाग पडत असतील, पण लोखंडच नव्हतं असं इथे म्हणता येत नाही.

याहून कडक आक्षेप मार्को पोलोचा आहे. तेराव्या शतकात त्यानं होर्मुझची जहाजं पाहिली आणि ती अगदी वाईट असा शेरा मारला: खिळे नाहीत, नारळाच्या दोरानं शिवलेली, वादळात टिकत नाहीत, पुष्कळ बुडतात. त्याचं वर्णन मात्र पुरतं वाचायला हवं. त्या जहाजांना एकच डोलकाठी, एकच शीड आणि एकच सुकाणू होतं. डेक नव्हता. माल भरून त्यावर कातडी पसरायची आणि त्या कातड्यांवर भारतात विकायचे घोडे उभे करायचे. उघड्या जहाजात मालाच्या ढिगावर जिवंत घोडे, तेही बिथरणारे आणि एका बाजूला ढकलले जाणारे. जड भार असा माथ्यावर असताना जहाज कलंडलं, तर दोष शिवणीचा की भरणीचा? दोर खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, हे तर मार्को पोलोही मान्य करतो. शिवलेलं जहाज लांबचा प्रवास झेपवू शकतं हे पुढे प्रत्यक्ष दिसलं. टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये बांधून घेतलेलं ‘सोहार’ १९८०-८१ मध्ये ओमानहून चीनमधल्या ग्वांगझूला पोचलं. त्याच्या शिवणीला सुमारे चारशे मैल लांबीचा काथ्याचा दोर लागला आणि शिवणारे कारागीर लक्षद्वीपचे होते. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. एखादं जहाज तरलं म्हणून सगळी तरली असा हिशेब कोणी मांडू नये, पण पद्धतच मुळात कुचकामी होती हा आरोप यानंतर उभा राहत नाही.

मग पोर्तुगीज आल्यानंतर किनाऱ्यावर खिळे का रुजले? तोफांसाठी, असं माझं उत्तर आहे. सांगाडा थोडा हलणारा असेल तर खडक आणि वाळू सोसता येते, पण तोफेचं वजन आणि तिचा मागचा धक्का सोसायला ताठ सांगाडा लागतो. गरज बदलली, म्हणून जोडणी बदलली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की खिळे आले तरी दोर काथ्याचाच राहिला. पोर्तुगीजांनी मालदीवकडून खंडणी घेतली ती काथ्याच्या रूपात. कण्णूरच्या अली राजांनी लक्षद्वीपच्या काथ्यावर मक्तेदारी बसवली, बेटवाल्यांना काथ्याच्या मोबदल्यात तांदूळ दिला जाई, आणि इंग्रजांनी हा एकतर्फी व्यवहार पुढेही चालू ठेवला. (या दोराच्या इतिहासात सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे ते तो वळणाऱ्या बेटावरच्या बायकांबद्दल.) ब्रिटिश नौदलाकडे उत्तम हेंप असूनही जहाज ओढून न्यायला आणि उसळत्या बंदरात बांधायला काथ्याचा जाड दोर ठेवला जाई, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि हिसका झेलतो. ज्यांना परवडत होतं त्यांनीही काथ्या घेतला, हा माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. जड माल बांधायला ताणणारा दोर घातक असतो. दोर लांबला की पेटी हलते, हलली की वेग घेते, आणि वेग घेतलेली पेटी कठड्यावर आदळते. म्हणूनच मालबांधणीच्या १९९१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेत तंतूंच्या दोराची मोजायची ताकद त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या केवळ ३३ टक्के धरलेली आहे, आणि एकाच दिशेला कमी-जास्त ताणणाऱ्या बांधण्या मिसळू नयेत असं बजावलेलं आहे. मिसळल्या तर ताठ असते तीच आधी सगळा भार उचलते आणि तुटते. जुन्या गलबतांवरही मालाची भिस्त एकट्या दोरावर नसायची. आधी माल एकमेकांना टेकून, फटीत लाकडं ठोकून घट्ट बसवायचा आणि मगच दोर. सैल पडलेल्या दोराच्या दोन पदरांत दांडकं घालून पीळ दिला की तो पुन्हा आवळतो. काथ्या वापरात कायमचा लांबत जातो, त्यामुळे हे काम वाटेत पुन्हा पुन्हा करावं लागतं. थोडक्यात, जड आणि घट्ट बसलेल्या मालाला ताठ बांधणी, हलक्या आणि मोकळ्या सामानाला ताणणारी. आणि नांगर, ओढणी, शिवण यांना, जिथे हिसका हाच मुख्य भार आहे तिथे, ताणणारीच.

रबरी जाळी विणताना ही जुनी निवड नव्यानं समोर येते. रबरी दोर ताणला की बारीक होतो, बारीक झाला की गाठ सैल पडते आणि दोर त्यातून सरकतो. म्हणून चौकटीचे छेद गाठीऐवजी धातूच्या कड्यांनी दाबून बसवतात. काथ्याचं अंग खरखरीत, त्याची गाठ ओली झाली तरी सुटत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तडे पाडतात, म्हणून त्यावर विणलेलं आवरण लागतं, आणि तेच आवरण दोर किती ताणायचा याचीही हद्द घालतं. १९३५ मध्ये वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं नायलॉन काथ्याइतकं लांबतं आणि ताकदीत त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून बंदरातून काथ्याचे जाड दोर हटले, आणि ते योग्यच झालं. पण नायलॉन ताण साठवून ठेवतं: दोर तुटला तर त्याचं टोक चाबकासारखं मागे येतं आणि समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकतं. काथ्यात ताणाचा मोठा भाग तंतूंच्या आपसातल्या घर्षणात जिरतो. आजच्या बंदरांवर ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभं राहू नये म्हणून सूचना लावतात, खलाशांना वेगळं शिकवतात.