खांदेमळणी ते गाडीचं पॉलिश



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैल नदीवर नेऊन धुवायचा, त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळायची. पोळ्याला शिंगं रंगवायची. ज्याच्या जिवावर घर चालतं, त्याचा हा मान.

पुढे हा मान गाडीलाही मिळाला. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्यावसायिकांनी मिळून दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये! एकत्र आले म्हणून भाव आणि कर्जाचं व्याज कमी करून घेता आलं. आपल्या बचत गटाचंही तेच तत्त्व.

पण एक फरक पडला. बैल पाण्याकडे जायचा, गाडीकडे पाणी आणावं लागतं. शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून. दुष्काळात त्याचाही तळ दिसतो. २०१६ साली लातूरला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा रांगेत हंडे घेऊन कोण उभं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून दारची गाडी पाइप लावून धुऊ नका. दोन बादल्या पुरतात: एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. गाडी सावलीत लावा, आधी धूळ भिजवा, मग मऊ कापडानं पुसा. कोरडी झाली की वॅक्सचा पातळ हात द्या. मग धूळ घट्ट बसत नाही, पुढच्या वेळी पाणी कमी लागतं.

बैल धुणारा गडी स्वतः नदीवर जायचा. गाडी मिरवणाऱ्यानंही बादली स्वतःच भरावी!