गंगाधरपंतांचे पानिपत

जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची मराठी विज्ञानकथा. स्मृती आणि ओळख यांतील नाते तपासणाऱ्या मराठी विज्ञानकथांत हिचे स्थान मानाचे आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर वेगळ्याच मुंबईत पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे. मुलाच्या कार्यालयात त्याचे नावही कुणाला ठाऊक नाही. १७६१ च्या पानिपतावर पेशवेपुत्र विश्वासरावांना प्रत्यक्षात लागलेली गोळी या जगात कानाजवळून निसटून गेली व मराठे जिंकले, असे ग्रंथालयातल्या बखरीतून त्यांना कळते. आझाद मैदानावरील सभेत गोंधळ होतो आणि पंत आपल्या जगात परततात. मधल्या दोन दिवसांचा पुरावा एकच: खिशातले त्या बखरीचे फाटके पान.

या अनुभवाचा उलगडा कथेत आपत्ती सिद्धांत व पुंजयामिकी यांच्या आधारे होतो. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ पाठ्यपुस्तकात आले व देशभरातील किशोरांपर्यंत पोहोचले. माणसाची ओळख त्याच्या आठवणींइतकीच, त्या आठवणींना साक्ष देणाऱ्या जगावरही उभी असते, हे तरुण वाचकाला इतक्या थोडक्यात पटवणारी दुसरी मराठी कथा विरळाच.