मका-दाण्याचा मुरघास

मक्याचा दाणा पुरता वाळण्याआधी, अंगात 25 ते 35 टक्के ओलावा असतानाच काढून, भरडून आणि हवाबंद साठवणीत आंबवून तयार केलेले पशुखाद्य. वाळलेल्या दाण्यात पाणी मिसळून तो आंबवला, तरी त्याला हेच नाव लागते. महाराष्ट्रात मुरघास म्हटले की धाट-पानांसकट कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशवीत दाबलेला मका डोळ्यांपुढे येतो. ती वैरण आहे. दाण्याचा मुरघास हा खुराक असून त्याची जागा भरडा आणि पेंडीच्या शेजारी आहे. अख्ख्या झाडाच्या चांगल्या मुरघासात कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्के पिष्ट असते, तर दाण्याच्या मुरघासात सुमारे 70 टक्के. हा फरक न ओळखता वैरणीसारखा पाटीभर ओतला तर जनावर दगावू शकते, म्हणून तो नोंदीच्या सुरुवातीलाच सांगणे भाग आहे.

अख्ख्या मक्याचा मुरघास 19 व्या शतकात युरोपात रुळला. फ्रान्समधील ऑग्यूस्त गॉफार यांनी 1877 मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. दाण्याची पाळी बरीच उशिरा आली. अमेरिकेच्या मका पट्ट्यात पीक तयार होते तेव्हा थंडी तोंडावर असते आणि दाणा शेतात उभ्या-उभ्या वाळत नाही, तो इंधन जाळून वाळवावा लागतो. 30 टक्के ओलाव्याचा 100 किलो दाणा 14 टक्क्यांवर आणायचा तर त्यातून साडेअठरा लिटरहून अधिक पाणी उडवावे लागते. जो दाणा विकायचा नाही, आपल्याच गोठ्यात घालायचा आहे, त्याच्यावर हा खर्च कशाला, या विचारातून ओला दाणा साठवण्याची पद्धत वाढली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तेथे काचेचा लेप दिलेल्या पोलादी हवाबंद कोठ्या आल्या आणि अख्खा ओला दाणा त्यांत भरता येऊ लागला. 1958 मध्ये इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाच्या बीसन आणि पेरी यांनी मांसासाठी पोसलेल्या गुरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. वजनात तेवढीच वाढ मिळण्यासाठी ओल्या साठवलेल्या मक्याचे कोरडे वजन वाळलेल्या मक्याहून कमी लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे वाळवणीचा खर्च तर वाचलाच, शिवाय दाण्याचा कसही वाढला.

कस का वाढतो, याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. मक्याच्या दाण्यातील पिष्टाचे कण झीन नावाच्या प्रथिनाच्या जाळीत घट्ट बसलेले असतात. झीन पाण्यात विरघळत नाही आणि कोटीपोटातील जिवाणूंनाही ते लवकर फोडता येत नाही. त्यामुळे कोरड्या भरड्यातील पिष्टाचा काही भाग न पचताच शेणावाटे बाहेर पडतो. शेणात दिसणारे दाण्याचे तुकडे ही त्याची खूण. मुरघासात आंबवण सुरू झाली की जिवाणूंची आणि दाण्याची स्वतःची प्रथिने तोडणारी विकरे ही जाळी हळूहळू सैल करतात आणि पिष्ट मोकळे होते. हे काम आठवड्यांत संपत नाही, महिनोन्‌महिने चालते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओला दाणा 240 दिवसांपर्यंत साठवला असता झीनचे प्रमाण सतत घटत गेले. म्हणून भरल्यापासून महिन्याने मुरघास वापरण्याजोगा झाला तरी खरा फायदा दोन-तीन महिन्यांनंतर दिसू लागतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. आठ महिने मुरलेला साठा जनावराच्या पोटात दोन महिन्यांच्या साठ्यापेक्षा फार वेगाने आंबतो, तेव्हा मात्रा वर्षभर तीच ठेवून चालत नाही.

सगळ्या कृतीचा कणा म्हणजे ओलावा. दाण्याच्या टोकाशी, जेथे तो कणसाला चिकटलेला असतो तेथे, काळा थर दिसू लागला की दाण्यात पिष्ट भरणे थांबले असे समजतात. तेव्हा ओलावा 32 ते 35 टक्क्यांच्या आसपास असतो. काढणी त्यानंतर, 28 ते 32 टक्क्यांवर करणे उत्तम. त्याआधी घाई केली तर उत्पादन बुडते आणि भरडताना लगदा होतो. ओलावा 24 टक्क्यांखाली गेला तर जिवाणूंना पुरेसे पाणी मिळत नाही, आम्ल कमी बनते, माल दाबून बसत नाही, आत हवा राहते आणि ढीग तापतो. अदमासाने, दाणा दाताखाली चावून ओलावा ठरवण्याचा मोह टाळावा. ओलावामापक यंत्र किंवा भट्टीत वाळवून केलेले वजन, दोन्हींपैकी एक हवेच.

खड्ड्यात, बंकरमध्ये किंवा पिशवीत भरायचा दाणा आधी भरडावा लागतो, कारण अख्ख्या दाण्यांमधली हवा दाबून काढता येत नाही. दाणा जितका कोरडा तितका भरडा बारीक, हा नियम. पातळ थर देत, प्रत्येक थर दाबत, शक्यतो एकाच दिवसात भरणी पुरी करून ताडपत्रीने किंवा प्लॅस्टिकने कडा बंद करतात. आत उरलेला प्राणवायू संपल्यावर लॅक्टिक आम्ल बनवणारे, दह्याच्या विरजणातल्या जातकुळीचे जिवाणू जोर धरतात आणि सामू 4 ते 4.5 पर्यंत उतरतो. अख्ख्या झाडाच्या मुरघासाइतके आम्ल येथे बनत नाही, कारण पक्व दाण्यात साखर आणि पाणी दोन्ही कमी. म्हणून आम्लापेक्षा हवाबंदपणावरच भिस्त ठेवावी लागते. साठा उघडल्यावर यीस्ट लॅक्टिक आम्ल खाऊ लागते आणि माल गरम होतो. यावर लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जिवाणू भरतानाच मिसळण्याचा उपाय सर्वत्र चालतो; तो लॅक्टिक आम्लाच्या काही भागाचे ॲसेटिक आम्ल करतो आणि ते यीस्टला आवरते. तरीही उघड्या तोंडाचा थर रोज काढला पाहिजे. गोठा लहान असेल तर मोठ्या खड्ड्याऐवजी लहान पिशव्या किंवा घट्ट झाकणाची पिंपेच बरी.

या मुरघासाचे भाऊबंद अनेक आहेत. अमेरिकेत दाण्यासोबत कणसाचा दांडा, कधी वरचे सोलपटही भरडून मुरवतात. त्यात तंतू अधिक असल्याने तो जनावराला सोसायला सोपा जातो. जर्मनीत दाणा आणि दांडा एकत्र दळून डुकरांसाठी मुरवतात. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात असाच मुरवलेला मका पास्तोने नावाने ओळखला जातो.

वाळलेल्या दाण्यात पाणी घालून मुरवण्याची पद्धत सर्वांत अधिक बहरली ती ब्राझीलमध्ये. तेथील मका बहुतांशी कडक, काचेसारख्या चमकदार दाण्याचा असतो, त्यात झीनची जाळी दाट असते आणि त्यामुळे आंबवण्याने होणारा फायदाही मोठा. स्वस्ताईच्या काळात कोरडा मका विकत घेऊन मुरवता येतो, ही आणखी सोय. हिशेब सोपा आहे: 12 टक्के ओलाव्याचा 100 किलो दाणा 35 टक्क्यांवर न्यायला सुमारे 35 लिटर पाणी लागते. दाणा बारीक भरडून, पाणी सगळीकडे सारखे मिसळून, लगेच भरावा. पाण्यात हात आखडला की माल बिघडलाच. कोरडे कप्पे राहिले की तेथेच बुरशी धरते.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा नेमका येथे जुळतो. आपल्याकडच्या संकरित वाणांचा दाणाही बराचसा कडकच असतो. खरीप मका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येतो आणि नाशिक, धुळे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना या पट्ट्यात परतीचा पाऊस त्याला गाठतो. खळ्यावर भिजलेली कणसे, ताडपत्रीखाली तापलेले ढीग आणि ओलाव्याच्या नावाखाली बाजारात कापला जाणारा भाव हे दुखणे मका पिकवणाऱ्याला नवे नाही. दुभती जनावरे असलेल्या शेतकऱ्याने गोठ्यापुरता मका ओलाच मुरवला तर त्याची या फेऱ्यातून सुटका होऊ शकते. अडचण मळणीची आहे. ओल्या कणसातून दाणा नीट सुटत नाही, फुटतो. म्हणून अख्खी कणसे दळून मुरवणे किंवा वाळलेला दाणा पाण्याने भिजवून मुरवणे हे दोन मार्ग लहान गोठ्याला अधिक जवळचे. एकदा मुरवलेला दाणा बाजारात धान्य म्हणून विकता येत नाही, तेव्हा गरजेपुरताच करावा.

खाऊ घालताना मात्रा कोरड्या वजनावर ठरते. 12 टक्के ओलाव्याच्या 1 किलो भरड्याऐवजी 30 टक्के ओलाव्याचा मुरघास सव्वा किलो, 35 टक्क्यांचा 1 किलो 350 ग्रॅम लागतो. बदल दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा करावा आणि सोबत लांब तुकड्यांची वैरण असावी. घाई झाल्यास कोटीपोटात आम्ल साचते, जनावर रवंथ कमी करते, दुधातील स्निग्धांश उतरतो, पुढे खूर सुजून लंगडते. मक्यात प्रथिने कोरड्या वजनाच्या 8 ते 9 टक्केच असतात, त्यामुळे पेंड बंद करता येत नाही. ओल्या साठवणीत ई जीवनसत्त्वही घटते, ते वरून द्यावे लागते.

बुरशी लागलेला दाणा मुरवून शुद्ध होत नाही. हवाबंद आंबवणीत बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले अफ्लाटॉक्सिन जसेच्या तसे राहते आणि जनावराच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते दुधात उतरते. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-1 ची कमाल मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. काळी-हिरवी पडलेली कणसे भरणीआधीच बाजूला काढावीत, आणि उघडलेल्या साठ्यात बुरशीचा पट्टा दिसला तर तो व त्याच्या लगतचा भाग कोणत्याही जनावरापुढे टाकू नये.