चारशे गाड्या आणि एक अक्षर

अमेरिकन मोटारींच्या इतिहासावर बँकेतल्या कारकुनाने लिहायचे, म्हणजे उपाशी माणसाने मेजवानीचा हिशेब मांडण्यासारखे आहे. पण हिशेब म्हटला की आमच्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

१९५५ साली क्रायस्लर कंपनीने ३०० अश्वशक्तीची मोटार काढली आणि नावही '३००'च ठेवले. घोडे मोजून दिलेले! टिम फ्लॉक नावाच्या पठ्ठ्याने ती पळवून त्याच वर्षी नॅसकार शर्यतींचे अजिंक्यपद पटकावले. साहेबी थाट आणि वर धावणेही! असा साहेब आमच्या शाखेत अजून आलेला नाही.

पुढे दरसाल नवे अक्षर. १९५६ला बी, १९५७ला सी, असे करत १९६२ला एच. १९६३ला आय यायला हवे होते, आले जे! कारण असे सांगतात, की आय हे अक्षर १ या आकड्यासारखे दिसते. हे वाचून मला गहिवरून आले. व्हाउचरवरचा १ मी एकदा ७ वाचला आणि रात्री साडेनऊपर्यंत सहा रुपये शोधत बसलो होतो.

तर ही ३००-जे. ४१३ घन इंचांचे व्ही-आठ इंजिन, दोन्ही कुशींना एकेक कार्ब्युरेटर, आणि प्रत्येकाने लांब नळ्यांतून पलीकडच्या बाजूच्या सिलिंडरांना पुरवठा करायचा. आमच्याकडेही प्रत्येकजण दुसऱ्याच्याच टेबलावर असतो, पण त्यातून अश्वशक्ती निघत नाही. इथे ३९० निघाली. नाव मात्र ३००च! काम वाढले तरी हुद्दा तोच.

आणि एवढ्या राजेशाही गाड्या बनल्या किती? फक्त ४००! १९६२पासून कंपनीनेच त्याच नावाची, तशाच चेहऱ्याची, पण अक्षर नसलेली स्वस्त ३०० बाजारात आणली होती. शेजाऱ्याला लांबून फरक कळणार नसेल, तर जादा पैसे कोण मोजणार? पुढच्या वर्षी किंमत उतरवली, तशी ३००-के साडेतीन हजारांवर गेली. १९६५ला एल आली आणि अक्षरे संपली.

आज त्या चारशेंतल्या उरलेल्या गाड्या हौशी लोक हुडकत फिरतात. दुर्मीळ म्हणजे तरी काय? ज्याची त्या वेळी कुणाला किंमत नव्हती, ते.

वीस वर्षे बढती हुकलेल्या माणसाला यात केवढा दिलासा! मी सौ.ला म्हटले, "एका अर्थी मीही दुर्मीळच."

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, दुर्मीळ कसले? तुमच्यासारखे तुमच्याच बँकेत चारशेच्या वर असतील."