दिनविशेष : १६ एप्रिल – मुळशीचे मावळे
१८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे शाळकरी मुलंही सांगतात. १९२१ च्या १६ एप्रिलला, रामनवमीला, पुण्याजवळच्या मुळशीत काय घडलं ते मात्र सांगावं लागतं. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणात मावळ्यांची, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची, भातखाचरं बुडणार होती. मालकांना न विचारताच शेतांत चर खणले गेले. हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या इंजिनिअरने पिस्तूल रोखलं. रामनवमीला मावळे बायकापोरांसह धरणावर गेले आणि काम थांबलं, पण काही महिन्यांपुरतंच. जमिनी पुढे कायद्याने घेतल्या गेल्या.

जमीन हिरावली जाण्याची अशीच गोष्ट पडद्यावरही आहे. हेन्री किंग यांच्या ‘जेसी जेम्स’ (१९३९) या हॉलिवूडपटात रेल्वेचे दलाल धाकदपटशाने, मातीमोल भावात शेतं लाटतात आणि नायक गाड्या लुटू लागतो. मुळशीतही १९२४ मध्ये या लढ्याचे नेते सेनापती बापट यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या मजुरांची गाडी अडवली. लुटीसाठी नव्हे, जमिनीसाठी. शिक्षा झाली सात वर्षांची.

आमच्या गारखेडा गावाची शेतंही अशीच शहरात विरली, म्हणून इथल्या जुन्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. मुळशीची खाचरं आजही पाण्याखाली आहेत.