थेट मालकाकडे अर्ज : जाहिरात नसतानाही नोकरी कशी मागावी

नोकरी शोधण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. निघालेल्या जाहिरातीला उत्तर देणे हा एक, आणि जाहिरातीची वाट न पाहता, आपल्या कामाचा ज्याला उपयोग होईल अशा मालकाकडे स्वतः जाणे हा दुसरा. पहिल्या मार्गावर साधनांची उणीव नाही. 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक १९७६ पासून निघते आहे. 'नौकरी डॉट कॉम' हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सुरू झाले, तर केंद्र सरकारचे 'राष्ट्रीय करिअर सेवा' हे संकेतस्थळ जुलै २०१५ मध्ये. मात्र या मार्गावर गर्दीही तितकीच असते. दुसऱ्या मार्गाची माहिती मराठीत सहसा एकत्र मिळत नाही. ती येथे दिली आहे.

जाहिरातीपूर्वी काय घडते हे आधी पाहिले पाहिजे. पंधरा-वीस कामगारांच्या एखाद्या यंत्रशाळेतील टर्नर काम सोडून गेला, तर मालक बहुधा आपल्या फोरमनला विचारतो, 'कोणी ओळखीचा आहे का?' नाही म्हटले तर फाटकावर 'टर्नर, फिटर, हेल्पर पाहिजेत' अशी पाटी लागते. शिरोली, चाकण किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून फेरी मारणाऱ्याला अशा पाट्या नव्या नाहीत. वृत्तपत्रातील जाहिरात, दिलीच तर, सर्वांत शेवटी दिली जाते. तोवर जागा भरलेलीही असते. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांवर घातले होते. परंतु त्या कार्यालयाने सुचविलेलाच उमेदवार घ्यावा, अशी सक्ती त्यात नव्हती.

थेट अर्जाचे सर्वांत बोलके उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात सापडते. मायकेल फॅरडे हा लंडनमधील पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकलेला तरुण. शालेय शिक्षण बेताचेच. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्याने नोकरीसाठी पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही. १८१२ मध्ये हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने त्यांची सविस्तर टिपणे काढली, त्यांत आकृत्या घातल्या, स्वतःच्या हाताने ती बांधली आणि वर्षअखेरीस डेव्हींकडे पाठवून दिली. डेव्हींनी सौजन्याने उत्तर दिले, पण जागा नव्हती. पुढे काही आठवड्यांतच रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतील मदतनिसाला काढून टाकावे लागले, तेव्हा डेव्हींना फॅरडेची आठवण झाली. मार्च १८१३ मध्ये तो कामावर रुजू झाला.

या प्रसंगात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिल्या पत्रात केवळ विनंती होती, दुसऱ्याबरोबर कामाचा नमुना होता. अर्ज गेला तेव्हा जागा नव्हती. आणि जागा झाली तेव्हा जाहिरातीची गरजच उरली नाही.

अर्जात काय लिहावे, याचा धडा मात्र लिओनार्दो दा विंचीकडून घ्यावा. सुमारे १४८२ मध्ये त्याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. जग ज्याला चित्रकार म्हणून ओळखते, त्याने या पत्रात हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा, आच्छादित रथ यांविषयीचे मुद्दे आधी मांडले आहेत. शांततेच्या काळातील वास्तुकाम, शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख अगदी शेवटी येतो. कारण उघड आहे. मिलानच्या सत्ताधीशाला त्या वेळी युद्धाची चिंता होती. पत्राच्या अखेरीस, यातील काही अशक्य वाटल्यास प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवण्याची तयारीही त्याने दर्शविली आहे.

आपल्याकडील बहुतेक अर्ज नेमके याउलट लिहिले जातात. जन्मतारीख, वडिलांचे नाव, दहावीचे गुण, छंद, आणि मग कोठे तरी तळाशी कामाचा अनुभव. वाचणाऱ्याला हवे ते तळाशी असेल तर तो तेथवर पोहोचेलच याची खात्री नाही. समजा, एखाद्या उमेदवाराने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून व्हीएमसी यंत्रावर चार वर्षे काम केले आहे. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' या वाक्याने त्याच्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी, कोणत्या कंट्रोलवर काम केले, सेटिंग स्वतः करतो की केवळ यंत्र चालवतो, प्रोग्राममध्ये दुरुस्ती करता येते का, कोणत्या धातूचे कोणते सुटे भाग केले, मापात किती मिलिमीटरपर्यंतची सूट सांभाळली, हे पाच-सहा ओळींत लिहावे. कारखानदार या ओळी वाचूनच माणूस ओळखतो. अर्ज एका पानाचा पुरे. भाषा इंग्रजीच असली पाहिजे असेही नाही. मालक मराठी जाणणारा असेल तर स्वच्छ मराठी पत्र मोडक्या इंग्रजीपेक्षा केव्हाही सरस.

औपचारिक प्रमाणपत्र नसलेल्या, पण काम येत असलेल्या कारागिरांसाठी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत २०१५ पासून 'पूर्वप्राप्त कौशल्याची मान्यता' हा भाग आहे. त्यात मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळते.

नमुना दाखवताना एक पथ्य पाळावे. शिंपी, सुतार, छायाचित्रकार, अनुवादक यांनी आपले काम सोबत न्यावे. परंतु आधीच्या कारखान्यातील ड्रॉइंगची छायाचित्रे मोबाईलमध्ये दाखवू नयेत. नवा मालक ती पाहील, आणि हा माणूस उद्या आपलीही ड्रॉइंग बाहेर दाखवील, असे मनात म्हणेल. चाचणी देण्याची तयारी जरूर दाखवावी. काही तासांची चाचणी रास्त आहे. मात्र 'ट्रायल' म्हणून आठवडाभर बिनपगारी राबवून घेणाऱ्याला आपल्या कौशल्याची नव्हे, फुकट श्रमाची गरज असते.

अर्ज शक्यतो त्या विभागाच्या प्रमुखाच्या नावे द्यावा, कारण माणसाची उणीव प्रथम त्यालाच जाणवते. आठवड्याने एकदा दूरध्वनी करावा. नकार आला तरी 'पुढे जागा झाल्यास कळवावे' एवढे सांगून क्रमांक ठेवून यावा. बहुतेक अर्जांना उत्तर येत नाही, हे गृहीत धरूनच कामाला लागावे. श्रीनिवास रामानुजन यांनी जानेवारी १९१३ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून असताना हार्डी यांना पत्र लिहिले. त्यापूर्वी केंब्रिजच्या अन्य गणितज्ञांकडून त्यांच्या पदरी निराशाच पडली होती.

ओळखीचे काय? ओळख आणि वशिला यांत फरक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या शहरातील नोकरदारांचा अभ्यास करून १९७३ व १९७४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी ज्यांची त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत होती, असे सुमारे १७ टक्केच होते. उरलेल्यांना बातमी मिळाली ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. जवळच्या मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते, हे त्याचे कारण. मराठी मुलखात याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पसरले, ते गावच्या आणि नात्याच्या धाग्यांनीच. एकाने परगावी जम बसवावा आणि गावाकडील मुलाला बोलावून घ्यावे, असा हा क्रम.

सरकारी नोकरीला मात्र हा मार्ग लागू नाही. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये मागील दाराने झालेल्या नेमणुका नियमित करण्यास प्रतिबंध केला. तेव्हा 'साहेबांना थेट भेटवतो' असे म्हणणारा मनुष्य फसवत आहे, असेच समजावे. खासगी नोकरीतही नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आगाऊ पैसे मागितले गेल्यास तेथेच थांबावे. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करता येते. परदेशातील नोकरीसाठी मध्यस्थ नोंदणीकृत आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्यावे.

थेट बोलणी झाली की बरेच जण तोंडी शब्दावर कामाला लागतात आणि महिन्याने कळते की, हजेरी एखाद्या ठेकेदाराच्या नावावर लागते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. पगार, हुद्दा, रुजू होण्याची तारीख आणि मालक म्हणून नेमके कोणाचे नाव आहे, हे त्यावर वाचूनच पहिल्या पाळीला जावे.